बिबट्याची हद्द कुठवर? केळीपट्ट्यातल्या एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल तालुक्यात, नाल्याला लागून केळीची बाग आहे. महिन्यातून तीन-चार वेळा बागेच्या कडेने बिबट्याचे ठसे दिसतात. दिवाळीपासून गावातले एक वासरू आणि काही शेळ्या गेल्या. बिबट्या एकच आहे की दोन-तीन? त्याची हद्द केवढी असते? पिंजरा लावून उचलून नेला तर त्रास मिटेल का? आणि गावातल्या कॉलेजच्या मुलांना त्याच्या फिरण्याचा नकाशा करायचा असेल तर सुरुवात कुठून करावी?

हद्द म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बांध उभा राहतो. मोजणीचा दगड, गट नंबर, सात-बाऱ्यावरचे नाव. एकदा ठरले की पिढ्यानपिढ्या तसेच. प्राण्याची हद्द अशी नसते. ती त्याला रोज राखावी लागते. राखायला लागणारे श्रम परवडतील तेवढीच ती मोठी असते, आणि राखणारा नाहीसा झाला की थोड्याच काळात तिथे दुसरा येऊन बसतो. एवढे नीट लक्षात घेतले की पिंजऱ्याचा प्रश्न बराचसा तिथेच सुटतो.

आधी दोन शब्द वेगळे करू. खान्देशात शेताला वावर म्हणतात. प्राणी खाण्यापिण्यासाठी, जोडीदारासाठी, पिल्ले वाढवण्यासाठी नेहमी जेवढ्या जागेत फिरतो तिला अभ्यासक वावरक्षेत्र म्हणतात. या वावरक्षेत्राचा जो भाग तो आपल्याच जातीच्या इतरांपासून राखतो, ती त्याची हद्द. हा फरक बर्ट या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने १९४३ साली नेमका मांडला आणि आजही तोच वापरात आहे. त्यात त्याने एक बारीक अट घातली होती: प्राणी कधीतरी एकदाच लांबवर जाऊन आला तर ती जागा वावरक्षेत्रात धरायची नाही. तालुक्याच्या गावी एकदा जाऊन आलो म्हणून ते आपले शिवार होत नाही, तसेच. नकाशा करताना ही अट पुढे फार उपयोगी पडते.

वावरक्षेत्र जवळपास प्रत्येक फिरत्या प्राण्याला असते. हद्द मात्र सगळ्यांना नसते. का नसते, हे राखणीच्या हिशेबावरून कळते. ज्वारी हुरड्यात आली की मचाण उभे राहते, रात्रीची जागल सुरू होते. कापणी झाल्यावर मोकळ्या रानात कोणी जागल करीत नाही. आणि टोळधाड आली तर चांगल्या पिकाचीही राखण सोडून द्यावी लागते, कारण हाकलणार किती जणांना? प्राण्यांचे गणित हेच आहे. माल अगदी थोडा किंवा फार विखुरलेला असेल तर राखण्यात अर्थ नाही. मुबलक असेल तर राखायची गरज नाही. मधल्या स्थितीत, माल एका जागी, खात्रीचा आणि हाताबाहेर न जाईल इतकाच असेल, तेव्हा हद्द तयार होते. ब्राउन या अभ्यासकाने १९६४ मध्ये हा विचार मांडला. पुढे केनियातल्या सूर्यपक्ष्यांवर १९७५ साली झालेल्या अभ्यासात मधाचे आणि श्रमाचे मोजमाप करून तो पडताळला गेला: फुलांत मध भरपूर झाला की तेच पक्षी भांडण सोडून देत. आपल्याकडे फाल्गुनात पळस फुलला की जांभळ्या शिंजीराकडे लक्ष ठेवा. झाडावर फूल बेताचे असताना नर दुसऱ्याला फांदीवर टेकू देत नाही.

म्हणून हद्द ऋतूप्रमाणे आकसते, फुगते, कधी पूर्ण मोडते. ती जातीवर जितकी अवलंबून असते तितकीच जागेवर.

आता बिबट्या. तो एकटा राहतो. मादीच्या वावरक्षेत्राचा आकार मुख्यतः दोन गोष्टी ठरवतात: खाणे किती दाट आहे आणि पिल्ले लपवायला जागा कुठे आहे. नराचा आकार मादीवर ठरतो. एक ते तीन माद्यांच्या जागा आपल्या फेरीत याव्यात, असा त्याचा प्रयत्न असतो. त्यामुळे नराचे आणि मादीचे क्षेत्र एकमेकांवर चढलेले असते. दोन प्रौढ नरांची क्षेत्रे मात्र शक्यतो कडेकडेनेच भिडतात. तुमच्या बागेला एकाच महिन्यात एक मादी, तिच्यावरून फिरणारा एक नर आणि मादीचे मोठे झालेले पिल्लू, अशा तिघांचे पाय लागू शकतात. 'एकच आहे' आणि 'पाच-सहा आहेत' ही दोन्ही विधाने ठशांवरून छातीठोकपणे करता येत नाहीत.

आकडे हवेत तर आपल्याच राज्यातले आहेत. अहमदनगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) अकोले तालुक्यातल्या उसाच्या शेतीत, म्हणजे अभयारण्याबाहेर, कॅमेरे लावून मोजणी झाली. १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे निघाले, आणि तरसही जवळपास तेवढेच. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी जीपीएस पट्टा बांधलेल्या पाच बिबट्यांचा अभ्यास आला. त्यातले चार महाराष्ट्रातले आणि एक हिमाचलातला. ज्या तिघांना पकडलेल्या जागेजवळच सोडले, त्यांची वावरक्षेत्रे ८, ११ आणि १५ चौरस किलोमीटर भरली. म्हणजे बेताच्या दोन-तीन गावांचे शिवार. रात्री ते तासाला सरासरी ३४० मीटर सरकत, दिवसा जेमतेम ६० मीटर. दाट वस्तीच्या भागात राहणाऱ्या तिघांच्या नोंदींतली पाचातली एक नोंद रात्री घरापासून २५ मीटरच्या आतली होती. दिवसा असे शंभरात एकदाही होत नव्हते.

'जंगल तुटले म्हणून बिचारा वाट चुकून शेतात आला' हे वाक्य बातम्यांत फार वेळा येते. ते बहुतेक वेळा खरे नसते. असा बिबट्या शेतातच जन्मलेला असतो. आपल्या पट्ट्यात केळीमुळे त्याची सोय आणखी पक्की होते. ऊस तुटला की त्या शेतातले लपण एका आठवड्यात जाते. केळीत मृगबाग जून-जुलैत लागते, कांदेबाग ऑक्टोबर-नोव्हेंबरात, शिवाय पिलबाग (आधीच्या झाडांच्या पिलांवर धरलेली) उभीच असते. एक बाग मोकळी झाली तर शेजारची भरात असते. बारा महिने गारवा, ठिबकचे पाणी, पाच फुटांवर ओळी, खाली वाकून पाहिल्याशिवाय काही दिसत नाही. बागेच्या पोटात डुकरे आणि कुत्री. वरून नाले थेट सातपुड्यातून उतरून तापीकडे जातात आणि नदीकाठच्या घळींत मिळतात. बिबट्यासाठी हे नाले म्हणजे रस्ते आहेत. यावल अभयारण्य सुमारे १७७ चौरस किलोमीटरचे आहे. त्याची रेषा आपल्या नकाशावर आहे, बिबट्याच्या डोक्यात नाही.

डोक्यात काय असते, हे समजून घेण्यासारखे आहे. वावरक्षेत्र हे मुळात आठवणीतून घडते. मादीची पिल्ले दीड-दोन वर्षांची होईपर्यंत आईबरोबर फिरून पाणी, आडोसा, शिकारीच्या जागा शिकतात. मग मुलगी बहुधा आईच्या जागेला लागूनच बस्तान बसवते, मुलगा निघून जातो. निघालेला तरुण नर महिनोन्‌महिने भटकतो. जिथे खायला मिळाले तिथे परत येतो, जिथे मार खाल्ला ती जागा टाळतो, आणि याच जाण्यायेण्यातून त्याची वाट पक्की होत जाते. वाघाचे उदाहरण आपल्या जवळचेच आहे. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरातून निघालेला एक तरुण नर हजार किलोमीटरच्या वर चालून डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. गळ्यात पट्टा होता म्हणून ते कळले. पट्टा नसलेले असे किती नर तापी-पूर्णेच्या खोऱ्यातून रात्री निघून जात असतील, ते कोणाला दिसत नाही.

हद्द राखायची म्हणजे रोज मारामारी नव्हे. मारामारीत जखम झाली तर एकट्या शिकाऱ्याला उपाशी मरण्याची वेळ येते, म्हणून सगळा भर निरोपांवर असतो. बिबट्या शेपूट वर करून झुडपाच्या पानांवर किंवा खोडावर मागे फवारा मारतो. मागच्या पायांनी वाटेत माती खरवडतो. साधारण वीत-दीड वीत लांबीचा ओरखडा आणि एका टोकाला मातीची लहानशी ढेप दिसते. विष्ठा वाटेच्या मधोमध टाकतो. झाडावर नखे ओढतो. रात्री करवत चालल्यासारखा आवाज देतो. या खुणा सगळीकडे सारख्या नसतात. दोघांच्या जागा जिथे भिडतात तिथे, आणि वाटांच्या तिठ्यावर, त्या जास्त सापडतात. वास जुना होत जातो, पाऊस तो धुऊन काढतो, म्हणून पुन्हा पुन्हा फेरी मारावी लागते. शेजाऱ्याला त्या वासाच्या ताजेपणावरून कळते की मालक जागेवर आहे. कायमचे शेजारी एकमेकांशी फार भांडत नाहीत. अनोळखी पाहुण्यावर मात्र दोघेही तुटून पडतात. बसस्टँडवरची कुत्री रात्री पाहिलीत तर हेच दिसेल: गल्लीच्या तोंडाशी रोजची दोन टोळकी भुंकून माघारी फिरतात, नवखे कुत्रे आले की पाठलाग होतो.

आता पिंजरा. समजा मालक उचलला. दोन-तीन आठवड्यांत वास विरतो. शेजारचा नर चाचपणी करीत आत सरकतो किंवा भटका तरुण येऊन बसतो. बहुतेक वेळा त्या रिकाम्या जागेसाठी एकापेक्षा जास्त जण येतात. म्हणून काही दिवस ठसे कमी न होता वाढतात. नव्या नराला आधीच्या नराची पिल्ले नको असतात. तो ती मारतो, मादी लवकर माजावर येते. आलेला तरुण अननुभवी असतो. कोणत्या गोठ्याला दार आहे, कुठे माणसे रात्री पाणी द्यायला येतात, हे त्याला ठाऊक नसते. जुना बिबट्या हे सगळे शिकलेला होता.

उचललेल्याचे काय होते, तेही पाहा. वर सांगितलेल्या अभ्यासात एक नर आणि एक मादी ५२ किलोमीटर दूर नेऊन सोडली होती. नर ३७ दिवसांत सरळ रेषेत ८९ किलोमीटर गेला, मादी पाच महिन्यांत ४५. शेवटी स्थिरावले तेव्हा त्यांची क्षेत्रे ४२ आणि ६५ चौरस किलोमीटरची होती, म्हणजे जागेवर सोडलेल्यांच्या कितीतरी पट. वाटेत त्यांनी किती अनोळखी गावे ओलांडली असतील याचा विचार करा. जुन्नर भागात २००१ पासून पकडलेले बिबटे आणून सोडण्याचा सपाटा लागला. तेव्हा माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले. यापेक्षा स्पष्ट पुरावा शोधायची गरज नाही. शिवाय शेळी बांधलेल्या पिंजऱ्यात सापडतो तो बहुधा नवखा, भुकेला तरुण. गोठ्यात शिरणारा तोच, याची काही खात्री नसते. पिंजऱ्याच्या गजांवर दात-नखे मोडली तर तो पुढे रानातली शिकार धरू शकत नाही.

माणसावर हल्ला करणारा बिबट्या ही वेगळी बाब आहे. तिथे पकडणे भागच असते आणि तो निर्णय राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचा असतो. बिबट्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. गावाने परस्पर पिंजरा, फासा किंवा विजेची तार लावणे हा गुन्हा आहे, आणि तारेत बिबट्याआधी रात्रीचे पाणी द्यायला निघालेला सालदार सापडतो.

म्हणून पैसे आणि मेहनत गोठ्यावर घाला. बिबट्याची हद्द खाण्यावर उभी असते. तुमच्या गावात सहज मिळणारे खाणे कमी झाले की तो फेरी बदलतो किंवा क्षेत्र पसरवून तुमच्याकडे कमी वेळा येतो. शेळ्यांच्या गोठ्याला चारी बाजूंनी आणि वरूनही जाळी हवी. सहा फुटी उघडी भिंत त्याला अडवत नाही, मान पकडून शेळीसकट तो ती चढतो. जाळीचे भोक दोन इंचांपेक्षा मोठे नको, नाहीतर पंजा आत जातो. दार आतल्या बाजूला ढकलले जाणारे नसावे आणि कडी खालीवर दोन ठिकाणी असावी. गोठ्याभोवतीची घाणेरी आणि गवत ३०-४० फूट साफ ठेवा. मेलेल्या कोंबड्या, जनावरांचे अवशेष नाल्यात टाकणे बंद करा, कारण त्यावर कुत्री आणि डुकरे जमतात आणि त्यांच्यामागे तो. जनावर मारले गेलेच तर ते हलवू नका, ४८ तासांच्या आत वनविभागाला कळवा, पंचनाम्याशिवाय भरपाई मिळत नाही. वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे.

इथे थोडे थांबून दुसऱ्या जनावरांबद्दल सांगायला हवे, कारण सगळ्यांना एकच उपाय लावला जातो. रानडुकराला हद्द नसते. कळपाचे वावरक्षेत्र असते, पण दोन कळप एकाच मक्यात चरतात. एक कळप हुसकला तर जागा 'राखणारा' कोणी नव्हताच, त्यामुळे उद्या दुसरा येतो. तिथे कुंपण आणि वेळेवर काढणी हेच उपाय. रोही (नीलगायी) माळावर ठरलेल्या जागी लेंड्यांचा ढीग करतात. त्या ढिगांवर नर पुन्हा पुन्हा येतात, पण कळप म्हणून ते शेत राखत नाहीत. काळविटाचा नर डोळ्याजवळच्या ग्रंथीचा द्रव काडीला लावतो आणि माळाचा तुकडा राखतो. लांडग्यांच्या टोळीचे क्षेत्र शंभर चौरस किलोमीटरच्या पुढे सहज जाते, म्हणून धुळ्याकडच्या माळावर एका गावात दिसलेली टोळी आणि चार गावे पलीकडे दिसलेली टोळी एकच असू शकते. अस्वले एकमेकांच्या क्षेत्रात बिनदिक्कत फिरतात. कुत्र्यांची नसबंदी करून त्याच गल्लीत परत सोडण्याचा नियम आहे, त्यामागेही रिकाम्या हद्दीचेच कारण आहे.

मुलांच्या नकाशाचे आता सविस्तर सांगतो, कारण चुका तिथेच होतात.

गावनकाशा घ्या. त्यावर ५०० मीटरचे चौकोन आखा. एक चौकोन २५ हेक्टरचा, म्हणजे साधारण ६२ एकरांचा. १२ चौरस किलोमीटरच्या शिवाराला ४८ चौकोन लागतील. प्रत्येक चौकोनाला क्रमांक द्या. मग गाडवाट नाला ओलांडते, पाटचारीची वाट दोन बागांमधून जाते, अशा ८ ते १२ जागा निवडा. निवडताना फक्त 'जिथे ठसे दिसतात' त्या घेऊ नका. गावठाणाजवळच्या, उघड्या माळावरच्या, नेहमी रिकाम्या राहणाऱ्या जागाही घ्या. नाहीतर शेवटी जो नकाशा तयार होईल तो बिबट्याच्या फिरण्याचा नसून तुमच्या फिरण्याचा असेल. ही चूक इतकी सर्रास होते की छापील अहवालांतही सापडते.

प्रत्येक जागी वाटेच्या पूर्ण रुंदीची, दीड मीटर लांबीची पट्टी करा. एक मीटर केली तर कधी एकच पाऊल पडते, कधी तेही अर्धे. खडे काढा, चाळलेली बारीक माती एक ते दीड सेंटिमीटर थर देऊन पसरा, संध्याकाळी सरळ फळी फिरवून सपाट करा. थर जाड झाला तर पाऊल रुतते आणि ठसा फुगतो. सकाळी ट्रॅक्टर आणि गुरे निघण्यापूर्वी वाचा. आठवड्याला तीन रात्री ठरवून घ्या आणि त्या मोडू नका. प्रत्येक रात्रीची, प्रत्येक पट्टीची नोंद करा, काही नसेल तर 'काही नाही' असे लिहा. 'काही नाही' न लिहिल्याने वर्षभराची वही वाया जाते, कारण मग पट्टी तपासली नव्हती की तपासून रिकामी निघाली, ते पुढे कळत नाही. पट्टी लावायला संध्याकाळी दोघा-तिघांनी मिळून, बोलत, बॅटरी घेऊन जावे. एकट्याने वाकून माती सपाट करीत बसू नये.

ठसा ओळखताना आधी नखे पाहा. मांजरकुळात नखे उमटत नाहीत आणि तळव्याच्या गादीच्या मागच्या कडेला तीन फुगवटे दिसतात. कुत्रा, कोल्हा, लांडगा, तरस यांची नखे उमटतात. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा ठळकपणे मोठा असतो. रानमांजराचा ठसा चारेक सेंटिमीटर, बिबट्याचा साधारण सहा ते नऊ. अकरा-बाराच्या पुढे गेला तर लगेच वनरक्षकाला सांगा, कारण मुक्ताईनगरकडे वाघ आहेत. तिथला मुक्ताई-भवानी हा सुमारे १२२ चौरस किलोमीटरचा संवर्धन राखीव मेळघाटाच्या बाजूच्या जंगलांशी जोडलेला आहे. फोटो अगदी वरून, शेजारी मोजपट्टी ठेवून काढा. तिरपा काढलेला फोटो मोजता येत नाही.

ठशावरून 'हा कोणता बिबट्या' हे ठरवू नका. ठिबकच्या ओल्या काळ्या मातीत तोच पंजा एखादा सेंटिमीटर मोठा उमटतो, कडक फुफाट्यात लहान. ७ आणि ७.८ सेंटिमीटर म्हणजे दोन बिबटे, असे धरले की गावात बिबट्यांची फौज तयार होते. राजस्थानात सरिस्कातले वाघ संपल्याचे २००५ मध्ये उघड झाले, त्यानंतर देशभर ठशांवरची गणती सोडून कॅमेऱ्यांची पद्धत आली, तिचे एक मोठे कारण हेच. खात्रीची गोष्ट फक्त एक: मोठ्या ठशांबरोबर त्याच रात्री, त्याच वाटेवर लहान ठसे असतील तर मादी पिल्लांसह आहे.

ओळख हवी तर कॅमेरे लागतील आणि ते वनविभागाच्या परवानगीने, त्यांच्याबरोबरच लावावेत. वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक, जमिनीपासून ४० ते ४५ सेंटिमीटर उंच, वाटेपासून तीन-चार मीटरवर. दोन्ही कॅमेरे अगदी समोरासमोर नको, थोडे मागेपुढे, नाहीतर एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या फोटोवर पांढरा पसरतो. दोन कॅमेरे यासाठी की बिबट्याच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी असते. एकाच बाजूचे फोटो मिळाले तर एकाचे दोन मोजले जातात. भिंग पूर्व-पश्चिम तोंड करून लावले तर सूर्य समोर येतो. समोर केळीचे पान लोंबत असेल तर वाऱ्याने हलून एका रात्रीत हजार रिकामे फोटो निघतात आणि सेल संपतात.

आता क्षेत्रफळ. नोंदी ३० च्या खाली असतील तर काढूच नका, ५० असतील तर बरे. एकाच रात्री दोनशे-तीनशे मीटरवर मिळालेले तीन ठसे ही एकच नोंद धरा. सगळे ठिपके नकाशावर घालून बाहेरच्या ठिपक्यांना दोऱ्याने वेढा द्या आणि आतले क्षेत्र मोजा. मोर नावाच्या अभ्यासकाची १९४७ मधली ही पद्धत सर्वांत जुनी आणि हाताने करता येण्यासारखी आहे. तिचा दोष असा की एक लांबचा ठिपका सगळा वेढा ताणतो आणि मधले ओसाड बरडही आत येते. म्हणून मध्यापासून सर्वांत दूरचे ५ टक्के ठिपके गाळतात. ६० नोंदी असतील तर ३ गाळा. बर्टची 'एकदाच जाऊन आला' ही अट इथे आपोआप पाळली जाते. क्षेत्र प्रत्येक दहा नोंदींनंतर पुन्हा मोजा. ते वाढतच असेल तर अजून नोंदी हव्यात. वाढायचे थांबले की समजा, आकडा भरवशाचा झाला.

संगणकावर करणारी मुले घनतेची पद्धत वापरू शकतात. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात ठिपके जिथे दाट तिथे रंग गडद होतो आणि निम्म्या नोंदी ज्या गाभ्यात पडतात तो वेगळा दाखवता येतो. मात्र पसरवण्याची त्रिज्या जपून निवडा. फार मोठी घेतली तर दोन नाले एकमेकांत मिसळून मधल्या गावठाणावर बिबट्या राहतो असे दिसेल, फार लहान घेतली तर प्रत्येक ठशाभोवती एकेक बेट.

कॅमेऱ्याची ओळख नसेल तर या नकाशाला 'एका बिबट्याचे वावरक्षेत्र' म्हणता येणार नाही. तो 'आपल्या शिवाराचा बिबट्यांकडून होणारा वापर' आहे. तेवढाही फार कामाचा असतो. कोणत्या पाच-सहा चौकोनांत दर आठवड्याला फेरी होते, ते कळले की जाळीचे गोठे तिथे आधी करता येतात आणि शाळेची वाट तिथून जात असेल तर बदलता येते. नकाशा वनरक्षकाला द्या, ग्रामपंचायतीत लावा. पण नेमक्या जागा मोबाइलच्या ग्रुपवर टाकू नका. शिकारी आणि फोटोवाले दोघेही त्या वाचतात.

खरी हद्द, म्हणजे राखलेली जागा, मुलांना डोळ्यांनी पाहायची असेल तर पक्षी घ्या. मार्च ते जून पहाटे दीड तास, आठ-दहा फेऱ्या. दयाळाचा नर जिथून गातो ती जागा प्रत्येक वेळी नकाशावर मांडा. दोन नर एकाच वेळी एकमेकांना उत्तर देत गात असतील तर त्या दोन ठिपक्यांना तुटक रेषेने जोडा, कारण हद्द त्या दोघांच्या मधून जाते. निदान तीन फेऱ्यांत एकाच ठिकाणी दिसला तरच त्याला तिथला धरा. बिबट्याची जी गोष्ट वर्षभरात कळत नाही, ती दयाळ एका हंगामात दाखवतो.

याच पद्धतीने वनपिंगळ्याकडे मात्र जाऊ नका. खान्देशाला अभिमान वाटावा असा हा पक्षी आहे. शतकाहून अधिक काळ बेपत्ता होता आणि १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी पुन्हा सापडला. यावल आणि तोरणमाळच्या सागवनात तो आहे. तो दिवसा शिकार करतो आणि आपली जागा आवाजाने राखतो. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवला तर जोडी ढोली सोडून न दिसणाऱ्या शत्रूमागे धावते, आणि तेवढ्या वेळात ढोलीतली पिल्ले उघडी पडतात. जगभरात संकटग्रस्त असलेल्या पक्ष्याची हद्द अशी तपासणे चूक आहे. त्याच्यासाठी नुसते बसून ऐका, बसलेली फांदी लिहून घ्या.

बिबट्याच्या ठशांसाठीच्या मातीच्या पट्ट्यांना नोव्हेंबरात सुरुवात करा. कापूस वेचणीची गर्दी असली तरी वाटा कोरड्या होतात. मे अखेर बंद करा, पहिल्या मृगाच्या सरीबरोबर माती चिकट होते आणि ठसे वाचता येत नाहीत. आठवड्याला तीन याप्रमाणे तेवढ्या काळात सुमारे ९० रात्रींची नोंद होते. पुढच्या वर्षी त्याच पट्ट्या, त्याच रात्री.